पाच नंबरचं गिऱ्हाईक

“माझी बायको गेली हो,” असं कुणीतरी ट्रेनिंगच्या खोलीत म्हणालं आणि तो हातात चहाचा कप घेऊन जिन्यातच थबकला. आवाज त्याचाच होता. चहा हिंदकळून हातावर सांडला, भाजलं, तरी त्याने कप दुसऱ्या हातात घेतला नाही. दार अर्धवट उघडं होतं. आत ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर पडदा आणि पडद्यासमोर कानाला हेडफोन लावून बसलेली नवी भरती. एका मुलीच्या हेडफोनची वायर निसटली होती, त्यामुळे आवाज खोलीभर झाला होता. ती घाईघाईने वायर खुपसायला बघत होती, आणि बाकीची तिच्या धांदलीला हसत होती. पडद्यावर तो बसला होता. करड्या शर्टात, केस आतापेक्षा बरेच काळे, गाल भरलेले. “मीटर तिच्या नावावर आहे,” पडद्यावरचा तो सांगत होता, “ते आता माझ्या...” तेवढ्यात वायर बसली आणि पडद्यावरचा माणूस मुका झाला. ओठ मात्र हलत राहिले. पुढची वाक्यं याला पाठ होती, त्यामुळे मुक्या ओठांवरूनही ती ऐकू येत राहिली. आता चष्मा शोधेल, तो मनात म्हणाला. पडद्यावरच्या माणसाने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा. चष्मा त्याच्या डोक्यावर होता. मुलीने काहीतरी टाइप केलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी भरत गेली. तिला मार्क मिळत होते.

वीज कंपनीच्या त्या इमारतीत त्याला त्याच्या नावाने फारसं कुणी ओळखत नसे. सगळे त्याला गिऱ्हाईक म्हणत. कॅन्टीनमध्ये शिरला की कुणीतरी ओरडणारच, “आलं बघा गिऱ्हाईक, सांभाळा!” पूर्वी तो साधा काउंटरवरचा क्लार्क होता. बिलं घ्यायची, तक्रारी ऐकायच्या, अर्ज तपासायचे. काउंटरवर येणाऱ्या माणसांच्या नकला तो जेवणाच्या सुट्टीत करायचा, आणि एकदा ट्रेनिंगच्या साहेबांनी त्या दारामागून पाहिल्या. रागवायच्या ऐवजी त्यांनी त्याला आपल्या विभागात उचलून नेलं. तेव्हापासून त्याचं काम एकच. खोलीच्या मधोमध लाकडी फळी टाकून खोटं काउंटर केलेलं असे, अलीकडे नवी पोरं बसत, आणि पलीकडून तो ग्राहक होऊन येई. एक नंबर म्हणजे भडकलेला, बिल टेबलावर आपटणारा. दोन नंबरला कमी ऐकू यायचं. तीन नंबर ओळखीवाला, ज्याचा प्रत्येक मोठा साहेब सख्खा मावसभाऊ असायचा. चार नंबर खिडकी बंद व्हायच्या वेळी अर्धे कागद घेऊन धापा टाकत यायचा. आणि पाच नंबर बायको गेलेला, मीटरवरचं नाव बदलायला आलेला माणूस. पहिल्या चार नंबरांना पोरं हसायची, घाबरायची, भांडायचीसुद्धा. पाच नंबरला खोली गप्प व्हायची. एकदा एक धिप्पाड पोरगा फळीवर डोकं ठेवून रडला होता, आणि यालाच फळी ओलांडून त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागला होता. “अरे बाबा, खोटं आहे हे. माझी बायको घरी आहे, ठणठणीत. आत्ता फोन लावून देऊ का?”

आणि ती होतीच घरी. पाच नंबर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार झाला होता आणि त्यातलं जे जे चांगलं होतं ते तिचं होतं, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं. ती शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. संध्याकाळी दोघं कामावरून यायची, चहा व्हायचा, मग ती टेबलाच्या पलीकडे खुर्ची ओढून बसायची, पदर खोचायची आणि काउंटरवरच्या बाईचा आवाज काढायची, “बोला साहेब, काय काम काढलंत?” तो म्हणायचा, “माझी बायको गेली हो.” ती मान वर न करता विचारायची, “आज कशाने मारलंत मला?” “हार्ट.” “काल पण हार्टच होतं. जरा बदला ना.” “बरं, पडलीस जिन्यावरून.” “इतकी वेंधळी नाही मी.” मग दोघं हसत सुटायची आणि सुरुवात पुन्हा करावी लागायची. पण एकदा लागली की ती फार कडक मास्तरीण असे. तो रडायला लागला की हात वर करून थांबवायची. “अहो, काय हे? तुम्ही असे रडणारे आहात का? मागच्या वर्षी तुमचे भाऊ गेले तेव्हा तुम्ही काय केलंत आठवतंय? घरभर चष्मा शोधत हिंडलात. डोक्यावर होता.” मग चष्मा आला. तीच म्हणाली, “आणि तक्रार करा माझी. बायको गेली की माणूस तिचं कौतुक करत नाही लगेच. म्हणा, तिने कागद कुठे ठेवलेत देव जाणे, मला कधी काही सांगितलंच नाही.” तो तसं म्हणाला तेव्हा तिलाच एकदम गलबलून आलं. उठून ओट्याकडे गेली, उगाच भांडी हलवली आणि पाठमोरीच म्हणाली, “हे चांगलं झालं. हे ठेवा.”

पेनची गोष्टही तिचीच. तिच्या शाळेच्या ऑफिसात एकदा एक बाप मुलाचा दाखला काढायला आला होता. मूल शाळेतून कमी झालेलं नव्हतं, जगातूनच गेलं होतं. ती सांगायची, त्याच्यापुढे काय बोलायचं ते मला काही सुचेना. दाखला काढला, सहीची जागा दाखवली आणि पेन पुढे केलं. ते सुकलेलं निघालं. त्याने कागदाच्या कडेला रेघोट्या मारून पाहिलं, पेन झटकलं, तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली, परत रेघ ओढून पाहिली. मी खण उघडून दुसरं शोधत होते. माझ्या हाताला दुसरं लागलं होतं गं, ती स्वतःलाच सांगत असल्यासारखी म्हणायची, पण मी पाहिलं की त्या पेनशी खटपट करताना त्याचा चेहरा थोडा थोडा खाली उतरतोय, ताठ झालेले खांदे सैल पडतायत. म्हणून मी शोधतच राहिले. थोड्या वेळाने त्यानेच हात पुढे केला, म्हणाला, द्या. त्याची तयारी झाली होती. “त्याला बसा, सावकाश करा असं म्हटलं असतं तर तो उठून गेला असता,” ती म्हणायची. “दया केलेली लगेच कळते हो माणसाला. पेन चालत नाही म्हटलं की कुणाचाच काही दोष नाही. जरा वेळ मिळतो, आणि कुणी दिला असं वाटत नाही.” त्यानंतर पाच नंबरच्या शेवटी तो पोरांना दोन पेनं द्यायला लागला. एक चालणारं, एक सुकलेलं. सहीच्या वेळी आधी सुकलेलं पुढे करायचं आणि मग शोधायचं, फार घाई न करता. कित्येक काउंटरवर वर्षानुवर्षं एक सुकलेलं पेन खणात असे. घरच्या सरावाच्या सुकलेल्या पेनाच्या टोपणाला तिने लाल दोरा बांधला होता, किराणा सामान लिहिताना चुकून हाताला लागू नये म्हणून.

ती गेली तेव्हा ट्रेनिंगची खोली बदलत होती. तो रजेवरून परत आला तर लाकडी फळी काढून जिन्याखाली उभी करून ठेवलेली, तिच्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातलेला. विभागाला नव्या मॅडम आल्या होत्या. वाईट बाई नव्हत्या. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, आणि सगळं नीट समजावून सांगितलं. आता एकेका तुकडीला इतके दिवस बसवून ठेवायला वेळ नाही. पडद्यावरचा ग्राहक कुठेही, कधीही भेटतो. मूल घरी बसूनसुद्धा शिकू शकतं. चुकलं की लगेच कळतं आणि परत पहिल्यापासून करता येतं. आणि मग त्या जरा थांबून म्हणाल्या, “मुलांना विचारलं आम्ही. ती म्हणतात, सरांसमोर चुकायची लाज वाटायची. सगळे बघत असायचे. पडद्यासमोर कितीही वेळा चुका.” हे त्याला खरं वाटलं. त्याला आठवले ते फळीमागचे लाल झालेले कान, घामाने ओले झालेले हात. माणसाला माणसासमोर शिकताना त्रास होतोच. तो म्हणाला, “बरोबर आहे.” मॅडमना हायसं वाटलं. त्या म्हणाल्या, “पण ग्राहक तुमचेच राहणार. तुमच्यासारखे कुणाला जमणार? पाचही रेकॉर्ड करून ठेवू. म्हणजे पाच नंबर... तो हवं तर राहू देऊ आपण.” तो म्हणाला, “नको, करतो की. त्यात काय.”

रेकॉर्डिंगच्या खोलीत मागे हिरवा पडदा होता आणि तोंडावर दिवे. कॅमेरेवाला गडी मजेशीर होता, सारखा म्हणायचा, “काका, एकदम फर्स्टक्लास.” एक नंबर फर्स्टक्लास झाला. दोन नंबरला मॅडम तोंडावर रुमाल धरून हसल्या. ओळखीवाला करताना तर त्याला स्वतःलाच मजा वाटली, आणि मजा वाटतेय हे लक्षात येईपर्यंत घरी जाऊन सांगायचं असं आपसूक मनात येऊन गेलं होतं. मग पाच नंबर. दिवे लागले. कॅमेरेवाल्याने हात खाली केला. तो म्हणाला, “नाव बदलायचंय.” आणि गप्प बसला. बराच वेळ झाला. “काका, पुढे?” तो म्हणाला, “मीटरवरचं.” परत गप्प. चष्मा शोधायचा असतो हे त्याला माहीत होतं. हात खिशाकडे न्यायचा, एवढंच. पण तो हात त्याने एकदा खरोखर नेला होता. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, दुपारी, डॉक्टर बाहेर येऊन बोलून गेल्यावर त्याने खिसे चाचपले होते, बाकाखाली वाकून पाहिलं होतं, शेजारच्या बाईला विचारलं होतं, इथे चष्मा पाहिलात का. ती बाई म्हणाली, डोक्यावर आहे दादा तुमच्या. आणि त्या क्षणी, दुःखाच्याही आधी, त्याच्या मनात आलं की आपण हे पाठ केलेलं करतोय. तो तिथेच बाकावर बसून विचार करत राहिला की हे आता माझं आहे की पाच नंबरचं. रडू आलं तेव्हा वाटलं, ती हात वर करून थांबवेल. कागद सापडेनात तेव्हा तोंडून निघालं, कुठे ठेवलेत देव जाणे, मला कधी काही सांगितलंच नाही. त्याची मुलगी शेजारी उभी होती, तिने त्याचा हात धरला. तिला कसं सांगणार की हे वाक्य जुनं आहे, ओट्यापाशी पास झालेलं आहे. जे जे करायचं ते सगळं दोघांनी मिळून आधीच करून वापरून टाकलं होतं. खऱ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

रेकॉर्डिंग तीनदा केलं. मॅडम अवघडून गेल्या होत्या. त्यांना त्याची गोष्ट माहीत होती आणि माहीत असूनही त्यांना काम संपवायचं होतं, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी कॅमेरेवाला म्हणाला, “मॅडम, खरं सांगू का? काकांचं यात काही पोचत नाहीये. सपाट येतंय.” मग तोच म्हणाला की जुन्या ट्रेनिंगचं कुणीतरी काढलेलं चित्रण आहे, ते जरा साफ करून घेता येईल. लावून बघितलं. तिघंही बघत उभे राहिले. करड्या शर्टातला माणूस फळीपाशी आला, म्हणाला, माझी बायको गेली हो, आणि खोलीत काहीतरी हललं. मॅडमनी डोळे पुसले. कॅमेरेवाल्याने फर्स्टक्लास म्हटलं नाही. तो एकटाच कोरडा उभा होता आणि त्या माणसाकडे बघत होता. काय सुंदर करत होता तो. आवाज कुठे फुटावा, कुठे सावरावा, सगळं जागच्या जागी. हा माणूस सुखी आहे, त्याला वाटलं. हा आत्ता पाच वाजता सुटेल, घरी जाईल, चपला काढता काढता विचारेल, अगं ऐकलंस का, आज एक पोरगा रडला. ती म्हणेल, तुम्ही रडलात का? तो म्हणेल, नाही, चष्मा शोधला. सुखी माणसालाच असं रडता येतं. मॅडमनी हळूच विचारलं, “हे वापरलं तर चालेल ना तुम्हाला?” तो म्हणाला, “चालेल. हेच चांगलं आहे.”

घरचं मीटर तिच्या नावावर होतं. घर घेतलं तेव्हा तिनेच रांगेत उभं राहून जोडणी घेतली होती, आणि तेव्हापासून बिलावर तिचं नाव छापून येई, पहिलं नाव, मधलं त्याचं, मग आडनाव. ती गेल्यावरही येत राहिलं. बाकी सगळीकडून ती एकेक करून निघून गेली होती. शाळेच्या फळ्यावरून, बँकेतून, दारावरच्या पाटीवरूनसुद्धा, कारण पाटी सोसायटीने नवी केली. बिल तेवढं यायचं. तो ते भरायचा आणि फ्रिजवर लावून ठेवायचा. मुलगी दुसऱ्या शहरात होती, आली की फ्रिजसमोर उभी राहायची. “बाबा, अजून आईच्या नावानेच येतंय?” “करायचंय.” “तुम्ही तर त्याच ऑफिसात आहात.” “म्हणून तर राहतंय.” “बाबा.” “करतो गं.” ती चिडायची नाही, तेच त्याला जास्त जड जायचं. मध्यंतरी कंपनीनेच नवीन काढलं, प्रत्येक खातेदाराने एकदा स्वतः येऊन चेहरा दाखवून जायचं, महिनाअखेरपर्यंत. मोबाइलवर संदेश आला, खाली कंपनीचं बोधचिन्ह, वर तिचं नाव आणि त्यापुढे, आपण अद्याप आला नाहीत. त्याच्या मनात सारखं यायचं ते हॉस्पिटलचं पेन. व्हरांड्याच्या टोकाला काचेची खिडकी होती, आत एक माणूस, त्याने कागद सरकवला आणि पेन दिलं. त्याला वाटलं होतं, निदान हे चालायचं नाही. त्याने ते कागदावर टेकवलं. पहिल्याच रेघेला शाई आली, निळी, भरपूर. सही झाली. त्या माणसाची काही चूक नव्हती. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच. पण आपण सही केली आणि त्यानंतर ती नाही, असं त्याच्या मनात बसलं ते बसलंच. आणि आता दुसरी सही राहिली होती. ती केली की फ्रिजवरचं नाव जाणार होतं.

जिन्यातला चहा गार झाला होता. ट्रेनिंगच्या खोलीतली ती मुलगी परत पहिल्यापासून करत होती. पडद्यावरचा माणूस उठून गेला होता आणि आता पुन्हा दारातून आत येत होता, तसाच, त्याच खांद्यांनी. बाकीच्या पडद्यांवरही कुठे भडकलेला होता, कुठे बहिरा, आणि आणखी दोन ठिकाणी पाच नंबर. प्रत्येक जण आपापल्या वेळेला आत येत होता, म्हणत होता, बायको गेली, आणि त्याचं नाव बदलून मिळत होतं. दिवसभर मिळत होतं. हिरव्या पट्ट्या भरत होत्या. एवढ्या वेळा ते काम झालेलं बघून त्याला वाटलं, मग आपलंच तेवढं काय अडलंय. तो खाली गेला, कप विसळून पालथा घातला.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी रजा टाकून, तो घराजवळच्या भरणा केंद्रात गेला. स्वतःच्या ऑफिसात हे करणं त्याला जमलं नसतं. पिशवीत मृत्यूचा दाखला, घराचे कागद, ओळखपत्र, शेवटचं बिल. निघताना त्याने टेबलाचा खण उघडून लाल दोऱ्याचं पेन खिशाला लावलं होतं, का ते त्याने स्वतःला विचारलं नाही. केंद्रात गर्दी नव्हती. लांबट खोली, भिंतीला लोखंडी खुर्च्या, काउंटरवर काच नाही, नुसतं टेबल आणि त्यावर तिरका ठेवलेला पडदा. टेबलामागे जी मुलगी होती ती त्याने ओळखली नाही. तिने त्याला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग एक दाबलेलं हसू, आणि तिने पटकन ओढणी सारखी करून पाठ ताठ केली. ती ट्रेनिंगमधली वायरवाली मुलगी होती.

“या काका, बसा,” ती म्हणाली. “बोला, मी काय मदत करू?” 

तो बसला. “मीटरवरचं नाव बदलायचंय.” 

“अच्छा.” तिने मान हलवली. डोळे कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे जाऊन आले. “कोणाच्या नावावर आहे सध्या?” 

“बायकोच्या.” 

“आणि त्या...” 

“गेली ती.” 

मुलीने दोन्ही हात टेबलावर एकमेकांत गुंफून ठेवले. “ऐकून फार वाईट वाटलं,” ती म्हणाली, सावकाश, शब्द सुटे सुटे करून. “अशा वेळी ही कामं करणं किती अवघड असतं याची आम्हाला कल्पना आहे. तुम्ही अजिबात घाई करू नका. कागद नसले तरी काळजी नको, आपण मार्ग काढू.” 

वाक्यं त्याच्या ओळखीची होती. तो म्हणाला, “कागद आहेत.” 

तिची जरा पंचाईत झाली. पाच नंबरला कागद सापडत नसत. ती पुढे झुकली आणि आवाज एकदम खाली आणून, खट्याळपणे म्हणाली, “काका, चष्मा शोधा ना आता. मी थांबलेय तुमच्यासाठी.” 

त्याला कळलं नाही. 

“मॅडमनी पाठवलंय ना? मी तुम्हाला दारातच ओळखलं. घरी आईलासुद्धा सांगितलं होतं, पाच नंबरला मला सगळ्यात जास्त मार्क आहेत म्हणून. पण प्रत्यक्ष तपासायला याल असं नव्हतं वाटलं हं.” 

रागवावं असं त्यात काही नव्हतं. पोरगी मनापासून करत होती, आणि चांगलं करत होती. त्याच्या समोर फळीमागे बसली असती तर त्याने शाबासकी दिली असती. त्याने पिशवीतून कागद काढले आणि एकावर एक टेबलावर ठेवले. सगळ्यात वर दाखला आला. 

ती हसतच तो उचलून बघायला लागली. तिची नजर शिक्क्यावर गेली, मग तारखेवर, मग नावाच्या मधल्या शब्दावर, आणि तिने बिलावरचा क्रमांक टाकून ते नाव पडद्यावरच्या खात्याशी ताडून पाहिलं. पडद्यावरही तेच नाव होतं. तिचं हसू जायला थोडा वेळ लागला, ते ओठांवर तसंच विसरून राहिलं होतं. 

“काका,” ती म्हणाली, “हे खरं आहे?” 

“हो.” 

“म्हणजे तेव्हापासून... तो व्हिडिओ...” 

“नाही गं. तेव्हा होती ती. तेव्हा आम्ही हसायचो त्याच्यावर.” 

यावर काय बोलायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. कान लाल झाले. शिकवलेलं एकही वाक्य तिच्या हाताशी उरलं नाही हे त्याला समोर दिसत होतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपल्यासमोर कुणीतरी बसलंय. ती खाली मान घालून कळा दाबत राहिली. नाक ओढलं. मग पडदा त्याच्याकडे फिरवला. वर बायकोचं नाव, खाली त्याचं, मध्ये एक बाण, आणि त्याखाली पांढरा चौकोन. 

“इथे सही. बोटाने.” 

त्याने बोट उचललं आणि खाली ठेवलं. मग खिशातलं लाल दोऱ्याचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि टेबलावरच्या एका पावतीच्या पाठीवर रेघ ओढून पाहिली. काही उमटलं नाही. त्याने पेन झटकलं. फुंकर मारली. परत ओढून पाहिली. 

“काका, पेन लागत नाही आता. बोटाने होतं.” 

“चालत नाही वाटतं हे,” तो म्हणाला. “दुसरं असेल तर बघ ना.” 

तिने त्याच्याकडे पाहिलं. पेनची गोष्ट तिला माहीत नव्हती, पडद्यावरच्या पाच नंबरमधून तेवढा भाग काढून टाकलेला होता, सही बोटाने होऊ लागल्यापासून त्याचा उपयोग नव्हता. ती म्हणू शकली असती की काका, अहो नकोच आहे पेन. ती म्हणाली, “बघते हं,” आणि खण उघडला. खणात पेन नव्हतं. त्या ऑफिसात पेन कुणाला लागतच नव्हतं. शेजारच्या टेबलावर विचारलं, तिथेही नाही. मग ती उठली आणि दाराशी बसलेल्या वॉचमनकडे गेली. वॉचमन खिसे चाचपत होता. ती तिथे उभी राहून त्याच्याशी काहीतरी बोलत होती, पाठमोरी, मध्येच ओढणीचं टोक डोळ्याला लावत होती. 

तो एकटा पडद्यासमोर बसला होता. वर तिचं नाव होतं. अजून होतं. हातातलं पेन तो कागदावर ओढत राहिला, कोरडं, खर खर असा बारीक आवाज करत, आणि रेघोट्या ओढता ओढता त्याच्या ध्यानात आलं की आपले खांदे खाली येतायत. टेबलाच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. बायको असती तर तिथे खण उघडून शोधत असती. सापडलेलं असूनही शोधत राहिली असती. त्याने मान खाली घातली. पावतीवर पाणी पडलं आणि छापील अक्षरं थोडी पसरली, आणि हे कुठे बसवलेलं नव्हतं, हे कुणी पास केलेलं नव्हतं, म्हणून त्याने ते थांबवलं नाही. 

मुलगी पेन घेऊन परत आली तेव्हा पडदा काळा झाला होता. तिने कळ दाबली. पडद्यावर कोरा अर्ज आला, सगळे रकाने रिकामे. 

“अरे देवा,” ती म्हणाली. “वेळ संपली. सगळं गेलं काका. आता परत पहिल्यापासून भरावं लागेल. सॉरी हं.” 

“भर ना,” तो म्हणाला. “मला घाई नाही.” 

ती बसली. वॉचमनचं पेन तिने टेबलावर त्याच्या हाताजवळ ठेवलं. कागद समोरच होते, त्यावरून बघून तिला भरता आलं असतं. तिने कागद बाजूला सारले, दोन्ही हात कळांवर ठेवले आणि त्याच्याकडे बघून विचारलं, “काकूंचं नाव काय?” 

त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि पूर्ण नाव सांगितलं.